संबंध तोडण्यासाठी प्रथम लॉगिन करा

कचरूराव रणपिसे सांख्यिकी खात्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांची सात बँकांत सात खाती होती. श्रीमंतीचा यात काही भाग नव्हता. चौतीस वर्षांच्या नोकरीत जितक्या वेळा बदली झाली तितक्या वेळा पगाराची बँक बदलली, आणि जुनं खातं बंद करायला अर्धी रजा टाकावी लागणार म्हणून ते तसंच राहिलं. काही घरांत जुन्या छत्र्या साठतात, तशी त्यांच्याकडे खाती साठली.

त्यांची मुलगी आम्रपाली हिंजवडीला एका कंपनीत होती. बाबांना काही उद्योग दिला नाही तर ते आईच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना लेबलं लावत बसतील, असं तिला वाटलं आणि तिनं त्यांच्या कॉम्प्युटरवर ‘अर्थमित्र’ नावाचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. (लेबलं तोवर लावून झाली होती, पण ते तिला उशिरा कळलं.) तेव्हापासून रोज सकाळी नऊला कचरूराव इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरपुढे बसत आणि ‘ताजे करा’ हे बटण दाबत. मग अर्थमित्र एकेका बँकेकडे जाऊन शिल्लक विचारून येई. सगळे आकडे आले की कचरूराव स्वयंपाकघराच्या दिशेनं “जुळलं” असं म्हणत आणि आतून हेमाताई “बरं झालं” म्हणत. काय जुळलं, हे हेमाताईंनी कधी विचारलं नाही. तीस वर्षांच्या संसारात कोणते प्रश्न विचारायचे नाहीत, याचा त्यांना चांगला अंदाज आला होता.

दोन हजार अकराच्या मार्चमध्ये कचरूरावांनी सातांपैकी चार खाती बंद केली. चार दिवस, चार बँका, चार पोचपावत्या. काम निर्मळ झालं होतं. पण अर्थमित्राला ते पटेना. रोज सकाळी तो त्या चारही बंद दारांवर जाऊन धडका देई आणि परत येऊन पडद्यावर चार लाल त्रिकोण काढी. आम्रपालीनं ‘संबंध तोडा’ नावाचं बटण दाखवलं तेव्हा तीन त्रिकोण गेले. चौथा गेला नाही. तो शनिवार पेठेतल्या एका लहान सहकारी बँकेचा होता. तिथं बटण दाबलं की अर्थमित्र सांगे, “संबंध तोडण्यासाठी प्रथम लॉगिन करा.” लॉगिन करायला जावं तर बँक सांगे, “हे खाते अस्तित्वात नाही.”

“बाबा, सिंपल आहे. ते अकाउंट डिलीटच मारा,” आम्रपाली म्हणाली.

“मग मागच्या नोंदी?”

“त्याही जातील. कुणाला लागतायत?”

जनगणना जाळून टाका असं कुणी सुचवावं, तशा नजरेनं कचरूरावांनी तिच्याकडे पाहिलं.

“मग इग्नोर करा. राहू दे तो त्रिकोण.”

“आम्रपाली, चौतीस वर्षांत माझ्या एकाही फाइलवर लाल शेरा नाही,” कचरूराव म्हणाले आणि त्यांनी अर्थमित्राच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिथल्या मुलीनं बावीस मिनिटं संगीत ऐकवून हिंदीत विचारलं, की सर, खातं बंद होतं तर तुम्ही ते जोडलंच कशाला? हा प्रश्न त्यांना इतका लागला, की त्या दिवशी त्यांनी दुपारी वामकुक्षी घेतली नाही.

वारज्याच्या त्यांच्या सोसायटीत कुणाची अडचण फार काळ खासगी राहत नसे. सोसायटीच्या अध्यक्षांनी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकायला सांगितलं. कचरूरावांनी टाकला. बँकेचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘आपण आमचे खातेदार नसल्याने आपणांस कळविण्यासारखे काही नाही.’ मग तळमजल्यावरचे सर्जेराव मोहिते पुढे आले. सर्जेराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते आणि जगातली प्रत्येक अडचण ही मुळात बसची अडचण असते, असं त्यांचं मत होतं.

“रणपिसेसाहेब, बंद गाडीला धक्का मारून काय उपयोग? एकदा चालू करायची, डेपोत न्यायची आणि मग भंगारात काढायची. खातं परत चालू करा, पासवर्ड घ्या, तुमचा तो संबंध तोडा, आणि मग करा बंद.”

कचरूरावांना यात दोष काढता आला नाही, हाच पुढच्या सगळ्याचा आरंभ. सर्जेराव न बोलावता बरोबर आले.

बँकेत काउंटरवर उल्का मॅडम होत्या. चष्म्यावरून बघत त्यांनी “बोला” म्हटलं.

“आपल्याकडे माझं एक खातं आहे,” म्हणत कचरूरावांनी नंबर सांगितला.

“हे खातं नाहीये.”

“मार्चमध्ये बंद केलंय मी.”

“मग आहे असं का म्हणालात?”

“मला त्याचा पासवर्ड हवा होता.”

“कशाला?”

“बंद करायला.”

“बंदच आहे.”

“तसं नव्हे, माझ्या कॉम्प्युटरमधून बंद करायला.”

“आमच्या कॉम्प्युटरात बंद आहे. तुमच्या कॉम्प्युटरात काय चाललंय, ते आम्ही इथून कसं बघणार?”

इथं सर्जेरावांनी कोपर काउंटरवर टेकवून आपला बसचा तोडगा मांडला. उल्का मॅडमनी तो ऐकून घेतला. “वर्ष झालं नसेल तर चालू करता येतं. अर्ज द्या, फोटो द्या, आणि दोन्ही खातेदारांच्या सह्या.”

“दोन्ही?” सर्जेराव म्हणाले.

“संयुक्त खातं आहे. शंभू नामदेव रणपिसे आणि कचरू नामदेव रणपिसे. व्यवहार दोघांच्या सहीनं.”

कचरूरावांना एकदम पंखा कमी वाटायला लागला. “राहू द्या मग,” ते म्हणाले. “इतकं काही अडलेलं नाही.”

शंभू हा त्यांचा धाकटा भाऊ. सातांपैकी हे एकच खातं पगाराचं नव्हतं; आई मुक्ताईनं ते दोघांच्या नावे उघडलं होतं आणि त्यात धाकट्याचं नाव आधी घातलं होतं, जे कचरूरावांना तेव्हाही रुचलं नव्हतं. आई गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी शंभूनं बिबवेवाडीत मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं. उद्घाटनाला मोठ्या भावानं चार शब्द बोलावेत, असं त्यालाच वाटलं. कचरूराव बोलले, “शंभूनं शाळेत लक्ष घातलं असतं तर आज त्याच्यावर दुकान टाकायची वेळ आली नसती. तरीही तो खचला नाही, याचं मला कौतुक वाटतं.” आपण कौतुक करतोय, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. शंभूनं त्यानंतर सगळ्या पाहुण्यांना पेढे दिले आणि ताट घेऊन कचरूरावांच्या पुढून निघून गेला. त्या गोष्टीला सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत दोघांत एक शब्द झालेला नव्हता.

तेव्हा मार्चमध्ये खातं बंद करायच्या अर्जावर शंभूची सही कुठून आली, हा प्रश्न कुणालाही पडला असता. बँकेला पडला नाही. त्या दिवशी काउंटरवर दुसरे गृहस्थ होते, त्यांनी सहीकडे पाहिलं नाही, घड्याळाकडे पाहिलं. सही कचरूरावांनी केली होती. घरी, जेवणाच्या टेबलावर, जुन्या कागदावरच्या शंभूच्या सहीचा नमुना पुढे ठेवून. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे नऊ वेळा गिरवून पाहिली आणि दहावी अर्जावर केली. दहावी चांगली साधली होती. आणि ती साधली तेव्हा आपल्याला क्षणभर बरं वाटलं होतं, हे आता बँकेत उभं असताना आठवून त्यांच्या कानशिलांना घाम आला.

“अहो, अडतंय कुठं?” सर्जेराव उत्साहानं म्हणाले. “भाऊ बिबवेवाडीतच आहेत ना? मॅडम, त्यांना इथूनच फोन करा.”

उल्का मॅडमनी तोवर कपाटातून फाइल काढली होती. बंद करण्याचा अर्ज आणि सहीचा मूळ नमुना त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. मग अर्ज जरा जवळ घेतला. मग चष्मा काढून आणखी जवळ घेतला.

“यांना बोलवावंच लागेल,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. नमुन्यावरचा फोन नंबर बघून त्यांनी तिथल्या तिथं फोन फिरवला, दोन वाक्यं बोलल्या आणि ठेवला. “उद्या अकराला येतायत. तुम्हीही या.”

त्या संध्याकाळी कचरूरावांनी हेमाताईंना सगळं सांगितलं. हेमाताई मेथी निवडत होत्या. त्यांनी मध्ये एकदाही हात थांबवला नाही, शेवटी फक्त विचारलं, “नऊ वेळा?”

“सरावासाठी.”

“आणि फोन करायला किती वेळ लागला असता?”

हेमाताईंनी जुडी संपवली आणि काड्या उचलून आत गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कचरूरावांना रात्री जेवताना पुन्हा पुन्हा वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी शंभू पावणेअकरालाच येऊन बाकावर बसला होता. त्याचे केस पांढरे झाले होते, आणि ते कधी झाले हे कचरूरावांना ठाऊक नव्हतं. नखांत काळं वंगण, खिशाला टेस्टर. त्यानं उल्का मॅडमना नमस्कार केला आणि त्याच सुरात कचरूरावांनाही केला. सर्जेराव मागच्या बाकावर पेपर उघडून बसले. त्यांना येऊ नका म्हणून दोनदा सांगितलं होतं.

उल्का मॅडमनी अर्ज पुढे सरकवला. “ही सही तुमची का?”

शंभूनं खिशातून चष्मा काढला. त्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली होती. त्यानं अर्ज वाचला, सही पाहिली, मग मान वर करून कचरूरावांकडे पाहिलं. कचरूराव काउंटरला दोरीनं बांधलेल्या पेनकडे पाहत होते.

“माझीच आहे,” शंभू म्हणाला.

“नमुन्याशी जुळत नाही. नमुन्यात तुमचा ‘भ’ अर्धवट सुटलाय. इथं तो पूर्ण आहे. चांगला वळणदार आहे.”

“बँकेचं काम म्हणून नीट काढला असेल.”

कचरूरावांच्या मनात आलं, की झालं, सुटलो. आणि सुटलो असं मनात आल्याचीच त्यांना इतकी लाज वाटली, की ते बोलून गेले, “मॅडम, ती सही मी केलीय.”

सर्जेरावांचा पेपर खाली आला.

“तुम्ही?”

“हो. त्यांना न विचारता. घरी बसून केली.”

उल्का मॅडमनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “रणपिसे, ज्यांची सही आहे ते म्हणतायत, माझी आहे. आता तुमचं म्हणणं मी कुठल्या रकान्यात घ्यायचं?”

“पण ती खोटी आहे.”

“आक्षेप असेल तर तक्रारवहीत लिहा. फक्त तक्रारीखाली खातेदाराची सही लागते, आणि तुम्ही सध्या आमचे खातेदार नाही.”

सरकारी नोकरीत कचरूरावांनी कित्येकांना असंच परत पाठवलं होतं. गुन्हा कबूल करायलाही पात्रता लागते, हे त्यांना त्या काउंटरवर कळलं. मॅडमनी खातं पुन्हा चालू करण्याचा अर्ज काढला. “यावर मात्र दोघांनी माझ्यासमोर सह्या करायच्या. आपापल्या.” शंभूनं उभ्या उभ्याच एक फराटा मारला. खरी सही बघता बघता झाली. तिच्यात ‘भ’ होता की नव्हता, हेही सांगता आलं नसतं.

“पासवर्ड आठ दिवसांत टपालानं येईल. पहिलं नाव ज्यांचं आहे त्यांच्या पत्त्यावर,” उल्का मॅडम म्हणाल्या.

बाहेर आल्यावर कचरूराव बोलायला गेले, पण शंभूनं स्कूटरला किक मारली. “गिऱ्हाईक थांबलंय,” तो म्हणाला. “पाकीट आलं की कळवतो तुम्हाला.” लहानपणापासून तो त्यांना ‘दादा, तू’ म्हणत आला होता. ते ‘तुम्हाला’ कचरूरावांनी वारज्यापर्यंत बरोबर नेलं. बसमध्ये सर्जेराव शेजारी बसले होते आणि आयुष्यात प्रथमच काही बोलत नव्हते.

ते सोसायटीत पोचल्यावर बोलले असावेत. रविवारच्या सभेत हजेरीपत्रक फिरत फिरत कचरूरावांकडे आलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, “रणपिसेसाहेब, पाच सभासद गैरहजर आहेत. वेळ असेल तर त्यांच्याही करून टाका.” कुणी मोठ्यानं हसलं नाही. पुण्यात अशा वेळी लोक खाली बघून नखं तपासतात, तशी सगळ्यांनी तपासली. कचरूरावांनी आपली एकच सही केली, आणि करून झाल्यावर निरखून पाहिली, तर स्वतःचीच सही त्यांना बनावट वाटली. त्या आठवड्यात ते नऊ वाजता कॉम्प्युटरपुढे बसले नाहीत. हेमाताईंनी दोनदा बाहेर येऊन पाहिलं.

नवव्या दिवशी शंभूचा फोन आला. हेमाताईंनी घेतला, बराच वेळ बोलल्या, आणि मग एवढंच सांगितलं, “पाकीट आलंय. दुपारी या म्हणतोय.”

आम्रपालीचा लॅपटॉप आणि इंटरनेटचं डोंगल पिशवीत घालून कचरूराव बिबवेवाडीला गेले. उद्घाटनानंतर ते प्रथमच दुकानात पाऊल टाकत होते. तेव्हा तिथं एक टेबल आणि दोन मोटारी होत्या. आता भिंतीला लागून पाण्याचे पंप, मिक्सर, पिठाच्या गिरणीची एक भलीमोठी मोटार, असं बरंच काही ओळीनं चिठ्ठ्या लावून ठेवलेलं होतं. शंभू स्टुलावर बसून तार गुंडाळत होता. त्यानं पायानं दुसरं स्टूल पुढे ढकललं आणि मानेनंच पाकीट दाखवलं. ते फोडलेलं नव्हतं.

“आधी मला बोलायचंय,” कचरूराव म्हणाले. येताना बसमध्ये त्यांनी मुद्दे काढले होते. एकूण पाच होते. “सहीचं चुकलं. ते चुकलंच. पण त्याच्या आधीचं... इथं मी जे बोललो होतो...”

“कौतुक केलं होतंस,” शंभू तारेवरची नजर न काढता म्हणाला.

“मला वाटलं होतं तसं.”

“माझे सासरे बसले होते पुढं. ज्यांनी जागेची अनामत भरली, ते. घरी जाताना त्यांनी मला विचारलं, की तुम्ही किती वेळा नापास झाला होता?” त्यानं तार दातात धरून ओढली. “एकदाही नाही. आठवीत शाळा सोडली, कारण तुझी कॉलेजची फी आणि माझी शाळा दोन्ही आईला झेपत नव्हतं. तुला ठाऊक नव्हतं का?”

कचरूरावांना ठाऊक होतं. ते विसरले नव्हते. फक्त त्यांनी ते कधी कुठल्या रकान्यात घेतलं नव्हतं. उरलेले चार मुद्दे त्यांना आठवेनात. “होतं,” ते म्हणाले. शंभूनं समोरच्या हॉटेलकडे बघून दोन बोटं वर केली. चहा आला. दोघांनी प्यायला. शंभूनं माफ केलं, असं म्हणण्यासारखं काही झालं नाही.

“ते तुझं काय ते कर की,” शेवटी शंभू म्हणाला. “लाइट जाते इथं दुपारी.”

कचरूरावांनी पाकीट फोडलं. पासवर्ड दोनदा चुकला, कारण डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. तिसऱ्या वेळी बसला. पडद्यावर आलं, “या खात्याशी असलेला संबंध तोडायचा आहे का?” त्यांनी ‘हो’ दाबलं. अर्थमित्रानं थोडा विचार केला आणि लाल त्रिकोण नाहीसा झाला. त्याजागी लिहिलेलं आलं, “संबंध यशस्वीरीत्या तोडला.”

शंभू मागून वाचत होता. “अभिनंदन,” तो म्हणाला आणि एका मोटारीला वॉर्निश लावायला बसला.

तेवढ्यात एक बाई मिक्सर न्यायला आल्या. शंभूचे दोन्ही हात वॉर्निशनं भरले होते. त्यानं कोपरानं पावतीपुस्तक कचरूरावांकडे सरकवलं. “हमीच्या पावतीवर सही लागते. तेवढी कर.”

कचरूरावांनी पेन हातात घेतलं आणि ते तसेच बसून राहिले. बाई पदराशी चाळा करत थांबल्या. मग कचरूरावांनी सावकाश, एकेक अक्षर मोकळं सोडत लिहिलं: शंभू रणपिसे यांच्याकरिता, कचरू रणपिसे.

बाईंनी पावती वाचली. “हे कचरू रणपिसे कोण? काही बिघडलं तर मी कुणाला धरायचं?”

“मलाच धरा,” शंभू वॉर्निश लावता लावता म्हणाला. “तो भाऊ आहे माझा. आज पहिलाच दिवस आहे त्याचा.”

कचरूरावांनी पावतीपुस्तक मिटलं आणि मान खाली घालूनच मिक्सरची वायर नीट गुंडाळून बाईंच्या हातात दिली.